आकडे नकोत, एक मूल दे

केनी क्रीक, ४ फेब्रुवारी

ट्वायला,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू हे सरळ केराच्या डब्यात टाकलंस तरी मी तुला दोष देणार नाही. पण लेनीची खबर तुला दर महिन्याला कळवायची असं कोर्टात ठरलंय आणि मी ते आजवर पाळलंय. तेव्हा आधी तुझ्या लेकीचं. तब्येत ठीक आहे. दहावीत गणितात बरी, इतिहासात उत्तम. परवा केस कापून आली, पार कानापर्यंत, मला न विचारता. शोभतात तिला.

आता माझं. चार्टर शाळांचं विधेयक काल आमच्या सभागृहात मंजूर झालं. तुमच्या मिशिगनात या शाळा कोपऱ्याकोपऱ्यावर असतील. आपल्याकडे त्यांच्यासाठी कायदा होता पण पैसा नव्हता, म्हणून इतक्या वर्षांत एकही उघडली नाही. आता मूल काउंटीच्या शाळेतून निघून चार्टर शाळेत गेलं की त्याच्या वाट्याचा सरकारी पैसा त्याच्याबरोबर तिकडे जाईल, इथल्या घरपट्टीतला हिस्सासुद्धा. शाळा खाजगी मंडळ चालवणार, पण फी नाही. काउंटीचे लोक ओरडतायत की आमच्या शाळा उपाशी मरतील. मी म्हटलं, केनी क्रीकची शाळा तुम्ही बंद केलीत तेव्हा आमच्या पोटाची चौकशी करायला कुणी आलं होतं का? आपल्या खोऱ्यातली पोरं अजून काळोखात बसमध्ये चढतात आणि डुलक्या काढत दुसऱ्या गावात शिकायला जातात. ती शाळा मला परत आणायची आहे. त्यासाठीच विम्याचं ऑफिस बंद करून मी आमदारकीला उभी राहिले, हे तुला माहीत आहे.

मतं अगदी काठावर होती. आदल्या दिवशी गारलंड प्रुइटने मला जिन्यापाशी गाठलं. तो आमच्या बाजूचा पुढारी, मतं जमवायचं काम त्याचं. म्हणाला, "कोरीन, तुझं भाषण वाचलं. नुसते तक्ते आहेत. आकडे नकोत मला. एक मूल दे."

मी दिलं.

नाव घेतलं नाही. 'माझी एक भाची' एवढंच म्हटलं. नऊ वर्षांची होऊन चौथीत बसली होती, आणि आजीने वाढदिवसाच्या कार्डावर काय लिहिलंय ते तिला वाचता येत नव्हतं. शाळा तिला वर्षामागून वर्ष पुढच्या वर्गात ढकलत राहिली. बस, एवढंच. विरोधात जाणारे दोघं तिघं खाली मान घालून बसले आणि नंतर त्यांनी बाजूने बटण दाबलं.

यातलं एकही वाक्य खोटं नाही. हे तुला एवढ्यासाठीच लिहितेय की त्या भाषणाचा व्हिडिओ सगळीकडे फिरतोय, आणि तुला तो दुसऱ्या कुणाकडून मिळू नये. बीच फोर्कच्या शाळेत तेव्हा चौथीला कोण शिकवायचं ते तुला आठवत असेलच. ब्रॅशिअर बाई तुला कधी आवडल्या नाहीत. लेनीबद्दल बालकल्याण खात्याला फोन त्यांनीच केला होता. तेव्हा तुला फारसं वाईट वाटायचं कारण नाही.

कोरीन


केनी क्रीक, २० फेब्रुवारी

ट्वायला,

तुझं उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी महिना संपायच्या आतच लिहितेय, कारण लेनी आठवडाभर माझ्याशी बोललेली नाही आणि तू तिची आई आहेस.

तिने भाषण बसमध्ये ऐकलं. कुणीतरी फोनवर मोठ्याने लावलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना तिच्या ताटात एका पोराने वाढदिवसाचं कार्ड आणून ठेवलं आणि विचारलं, "वाचून दाखवू का?" ती हायस्कूलची पोरं सगळ्या काउंटीतून येतात, त्यांना आपल्या घरचं काय माहीत. ती घरी आली तेव्हा मी बीन्स शिजवत होते. दप्तर खाली न ठेवताच दारात उभी राहिली.

"मावशी, मला वाचता येत नव्हतं हे खरं आहे."

"मी तुझं नाव कुठे घेतलं?"

"तुला भाच्या किती आहेत?"

मी पळी फिरवत राहिले.

"आणि का येत नव्हतं? दुसरीचं अर्धं वर्ष आणि तिसरी जवळजवळ सगळी मी मॉटेलच्या खोलीत काढली. आई नशेच्या गोळ्या घेऊन झोपली की तिचा श्वास चाललाय ना, हे बघायला कुणीतरी लागायचं. हे तू सांगितलं नाहीस."

"ते तुझ्या आईचं खाजगी आहे, लेनी."

"बरं. आईचं खाजगी. आणि माझं जाहीर."

ट्वायला, ती बोलली तसंच लिहिलंय. मऊ करून लिहायचा एक प्रयत्न केला होता, तो फाडला.

मग ती म्हणाली, "ब्रॅशिअर बाईंनी मला शिकवलं. नाताळनंतर सुरुवात केली. शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायच्या, बिस्किटांना पीनट बटर लावून द्यायच्या आणि गाडीतून घरी सोडताना रस्त्यावरची प्रत्येक पाटी वाचायला लावायच्या. उन्हाळा लागायच्या आत मी वाचत होते. हेही तू सांगितलं नाहीस."

त्यानंतर ती ओट्यापाशी उभ्याने जेवते आणि खोलीत जाते.

बाईंकडे वर्तमानपत्राचा माणूस गेला होता. त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या विद्यार्थ्यांबद्दल मी बाहेर बोलत नाही." बोलूच शकत नाहीत. मुलाच्या नोंदी शिक्षकाने उघड करायच्या नाहीत असा कायदा आहे. 'ती मुलगी शाळेतच येत नव्हती' एवढं म्हणायचीही त्यांना सोय नाही. मी आमदार, मला सभागृहात काहीही बोलायची मोकळीक. त्यांना स्वतःच्या व्हरांड्यातही नाही. हे मला भाषण करताना माहीत होतं का, असं तू विचारशील. मी शिक्षण समितीत आहे, ट्वायला. माहीत होतं.

लांबलांबच्या गावांतून लोक शाळेच्या पत्त्यावर वाढदिवसाची कार्डं पाठवतायत. 'चौथीच्या बाईंना, निदान हे तरी वाचून दाखवा.' शाळेतली कारकून बाई आधी ती लपवून ठेवायची. मग बाईच म्हणाल्या, माझं टपाल माझ्याकडे देत जा.

कोरीन


केनी क्रीक, ११ मार्च

ट्वायला,

लेनी बरी आहे. सर्दी झाली होती, गेली.

गव्हर्नरने विधेयकावर सही केली नाही, नकाराधिकार वापरला. आता आम्हाला पुन्हा मतदान घेऊन तो उलटवावा लागेल. अठ्ठावीस मार्चला. गारलंडचा रोज फोन. "एक मत इकडचं तिकडे झालं तर गेलं सगळं. तू फक्त जागेवर बस आणि बटण दाब." चार्टर शाळा काढणारी एक कंपनी आपल्या खोऱ्यातली जुनी इमारत बघायला येणार आहे, पण कायदा झाला तरच.

रविवारी चर्चनंतर मी ब्रॅशिअर बाईंकडे गेले. सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी नेली होती. त्यांनी खुर्ची दाखवली, बरणीकडे बघितलंसुद्धा नाही.

मी म्हटलं, "बाई, मी तुमचं नाव घेतलं नव्हतं."

"बीच फोर्कला चौथीचा वर्ग एकच आहे, कोरीन. आणि माझे केस काळे होते तेव्हापासून त्यात मीच आहे."

"तुम्ही कुणाला काही सांगितलं का नाहीत? ओळखीपाळखीत तरी."

"काय सांगू? तिची हजेरी? ती तिची आहे. माझी अब्रू राखायला तिच्या आईला बाजारात उभी करू?"

तुझ्याबद्दल बोलत होत्या त्या. मी हे तुला कळवलंच पाहिजे. तू त्यांना तुझी पोर हिरावणारी बाई म्हणतेस, आणि त्या तुझ्यासाठी तोंड शिवून बसल्यात.

मग त्यांनी विचारलं, "तू कशाला आलीस?"

"माफी मागायला."

"इथे? व्हरांड्यात?" त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "बोललीस सगळ्या राज्यासमोर, आणि माफी मागणार शेजारच्या कुत्र्यासमोर."

मी त्यांना शब्द दिला की मतदानाच्या दिवशी सभागृहात उभी राहून खरं काय ते सांगेन. पण त्यात तुझी गोष्ट येते, तेव्हा आधी तुला विचारावं लागेल. त्या म्हणाल्या, "मग विचार तिला."

म्हणून विचारतेय. तू आता बरी आहेस, त्या रोपवाटिकेत तुझी नोकरी आहे, तिथल्या लोकांना कळलं तर काय, हे सगळं माझ्या ध्यानात आहे. तू नको म्हणालीस तर मी समजून घेईन. हो म्हणालीस तरी गोळ्या, मॉटेल असलं काही काढणार नाही. 'घरात थोडी अडचण होती' एवढंच म्हणेन. माझा नंबर तोच आहे. उत्तर मात्र सत्तावीसच्या आत दे.

कोरीन


राजधानी, ३० मार्च

ट्वायला,

झालं. नकाराधिकार उलटला. जेवढी मतं लागत होती बरोबर तेवढीच पडली, एकही जास्त नाही. म्हणजे माझं मत नसतं तर कायदा नसता. गारलंडने सगळ्यांसमोर माझा हात वर धरला. ऑफिसात केक कापला, त्यावर हिरव्या अक्षरांत 'केनी क्रीक' लिहून आणलं होतं. कुणाला सुचलं कोण जाणे.

मी उभी राहिले नाही. बोलले नाही.

तुझा फोनवरचा निरोप मला मतदानानंतर मिळाला. फोन गाडीत राहिला होता. किती वर्षांनी तुझा आवाज ऐकला. जरा जाड झालाय, आईसारखा. तू म्हणालीस, "सांग. पण माझं नाव घेऊन सांग. घरात अडचण होती म्हणू नकोस. मी अडचण नाही, मी ट्वायला आहे. मी गोळ्या खात होते आणि माझी पोर माझी राखण करत होती, असं सांग. त्या मास्तरणीने आम्हा दोघींना जिवंत ठेवलं, असंही सांग."

उशीर झाला गं. आधी मिळाला असता तर गोष्ट वेगळी होती. आता काय करणार.

लेनीला या आठवड्यात नवे बूट घेतले.

कोरीन


केनी क्रीक, १७ एप्रिल

ट्वायला,

मागच्या पत्रात मी तुझ्याशी खोटं बोलले.

लेनीने तुझा निरोप ऐकायला मागितला. मला वाटलं चांगलंच आहे, आईचा आवाज ऐकू दे. फोन तिच्या हातात दिला. तिने ऐकला, पुन्हा ऐकला, मग फोनकडे बघत म्हणाली, "मावशी, हा तर सव्वीसचा आहे."

मी म्हटलं, फोन गाडीत होता.

"दोन दिवस?"

नव्हता. ज्या दिवशी तू केलास त्याच दिवशी संध्याकाळी मी तो ऐकला, विधानभवनाच्या खालच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून. तुझं ते 'मी ट्वायला आहे' ऐकून मला रडू आलं, हेही खरं. आणि रडून झाल्यावर मी हिशोब करत बसले की मी उभी राहून हे बोलले तर कोणकोण फिरेल. ते फेब्रुवारीत मान खाली घालून बसलेले दोघं तिघं तर नक्कीच. मग मतदानाच्या दिवशी सकाळी मी फोन गाडीच्या खणात ठेवला आणि कुलूप लावून वर गेले. उद्या कुणी विचारलं तर 'फोन गाडीत राहिला होता' असं म्हणता यावं आणि ते खरंही असावं म्हणून. एवढी काळजी मी घेतली, ट्वायला. खोटं बोलायचं आणि ते खोटं नाही अशी सोयही करून ठेवायची. फेब्रुवारीतही मी तेच केलं होतं.

परवानगी मागितली तेव्हाच मनातून तू नाही म्हणावंस अशी माझी इच्छा होती. तुझ्या नकारामागे लपायला मी जागा करून ठेवली होती. तू हो म्हणून ती काढून घेतलीस.

मी हे सगळं लेनीला सांगितलं. ती म्हणाली, "आईला तू कळवशील की मी कळवू?" म्हणून आज हे पत्र.

कंपनीची माणसं गेल्या आठवड्यात आली. दोघं तरुण, बोलायला गोड. आपल्या जुन्या शाळेत फिरले. छप्पर बघितलं, खिडक्या बघितल्या, तू आणि मी जिथे बसायचो त्या वर्गात जरा वेळ उभे राहिले. मग एकाने विचारलं, "खोऱ्यात मुलं किती आहेत?" मी सांगितलं. त्याने दुसऱ्याकडे बघितलं. "मॅडम, जागा सुंदर आहे. पण पैसा मुलामागे येतो, आणि इथे तेवढी मुलं नाहीत." शाळा ते महामार्गालगत उघडणार, काउंटीच्या गावात. इथल्या पोरांना तिथे जायचं असेल तर बस नाही, आईबापांनी गाडीने सोडायचं. मीच वाचून मत दिलेल्या कायद्यात तसं आहे.

आणि बीच फोर्कची मुलं तिकडे जातील म्हणून काउंटीने आत्तापासूनच तिथल्या शिक्षकांच्या जागा कमी करायला घेतल्यात. ब्रॅशिअर बाईंनी स्वतःहून निवृत्ती मागितली. त्या गेल्या की खालच्या वर्गाच्या तरुण मास्तरणीची नोकरी वाचते, म्हणून.

मला तुझ्याकडून काही नको. रागाव, फोन कर, करू नकोस. फक्त हे वाचलंस एवढं कळव.

कोरीन


केनी क्रीक, १६ मे

ट्वायला,

तुझं कार्ड आलं. दोनच शब्द, 'लेनीला पाठव.' मी ते तिला दाखवलं. तिने ते आपल्या खोलीत नेलं. तिचं उत्तर ती तुला देईल.

परवा शिक्षण मंडळाची सभा होती, बीच फोर्कच्या व्यायामशाळेत. बाईंची निवृत्ती मंजूर करायची होती. लोकांपैकी कुणाला बोलायचं असेल तर तीन मिनिटं मिळतात. मी नाव दिलं. तीन महिने जे गिळून बसले होते ते सगळं बोलले. तू सांगितलं होतंस तसं, तुझं नाव घेऊन. लेनी शाळेत का येत नव्हती, तिला कुणी वाचायला शिकवलं, मी राजधानीत काय सांगितलं आणि काय गाळलं, तुझा निरोप वेळेवर मिळूनही मी कशी गप्प बसले. मला वाटलं, आता कुणीतरी उठून मला शिवी देईल. खरं सांगू, दिली असती तर बरं वाटलं असतं.

काहीच झालं नाही. मागे कुणीतरी खोकलं. खतबियाण्यांच्या दुकानवाल्या बॅस्कमने टोपी काढली आणि पुन्हा घातली. अध्यक्ष म्हणाले, "धन्यवाद. पुढचा विषय."

सभा संपल्यावर लोक खुर्च्या मिटवायला लागले. ब्रॅशिअर बाई माझ्याकडे आल्या. मी खुर्ची मिटवत होते, त्यांनी दुसरी बाजू धरली.

"इथे कशाला सांगितलंस, कोरीन?"

"लोकांना कळावं म्हणून."

"यांना माहीत होतं. ट्वायलाची गाडी त्या मॉटेलबाहेर यांच्यापैकी कुणी पाहिली नव्हती? मुलीला मी रोज संध्याकाळी कुठे सोडायचे हे कुणाला माहीत नव्हतं? इथे सांगणं सोपं होतं." त्यांनी खुर्ची भिंतीला टेकवली. "ज्यांना माहीत नाही त्यांना सांगायचं असतं."

मग तिथे उभं राहून मी त्या सगळ्या ओळखीच्या पाठी बघत होते. माहीत होतं सगळ्यांना. आणि तरी त्या व्हिडिओखाली याच लोकांनी मला शाबासकी दिली होती, कारण शाळा त्यांनाही हवी होती. पण त्यांच्यात मिसळून मला लपता येणार नाही. बोलले मी होते.

बाई जाताना म्हणाल्या, "ती बरणी चांगली होती. सफरचंद कुठलं?" मी सांगितलं, आईच्या झाडाचं. त्यांनी मान हलवली. ही माफी होती असं मी समजत नाही, तूही समजू नकोस.

कोरीन


केनी क्रीक, २५ जुलै

प्रिय ट्वायला,

हे शेवटचं मासिक पत्र. का ते खाली लिहिलंय.

एक जुलैपासून कायदा लागू झाला. अधिवेशन नसताना समित्या बसतात, तशी आमची मंगळवारी बसली. चार्टर शाळांना हप्ते कोणत्या महिन्यात द्यायचे, असा विषय. खोली छोटी, निम्म्या खुर्च्या रिकाम्या. गारलंड अध्यक्ष. लेनी म्हणाली मी येते, आणि मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसली. मी माईक सुरू केला आणि फेब्रुवारीतल्या भाषणात काय गाळलं होतं ते वाचायला लागले.

गारलंडने मध्येच थांबवलं. "कोरीन, याचा आजच्या विषयाशी काय संबंध?"

"काही नाही. मी फेब्रुवारीच्या विषयावर बोलतेय."

त्याने हात हलवला, वाच बाई. मी वाचलं. तुझं नाव आलं तेव्हा नोंद घेणारी मुलगी म्हणाली, "थांबा, या नावाचं स्पेलिंग?" मी एकेक अक्षर सांगितलं. मग ब्रॅशिअर बाईंचं सांगितलं. दोन्ही आता सरकारी दप्तरात आहेत, कुणीही मागून बघू शकतं. एका सदस्याने मुद्दाम पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. प्रश्न कुणी विचारला नाही. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या. कार्डं पाठवणाऱ्यांपैकी कुणी त्या वाचल्या असतील असं मला वाटत नाही.

बाहेर गारलंडने विचारलं, "काय मिळवलंस? कायदा तर झालाय. नोव्हेंबरात निवडणुकीला हेच तुझ्या तोंडावर फेकतील."

"फेकू देत."

"तुझं मत बदललं का?"

मी त्याला जे सांगितलं तेच तुला सांगते. आपल्या खोऱ्यात शाळा हवी, हे मला आजही वाटतं. कायदा चांगला की वाईट, ते मला पहिल्यासारखं छाती ठोकून सांगता येत नाही. पण मला खातं ते वेगळंच. कदाचित खरं सांगूनही मतं मिळाली असती. 'एक मुलगी शाळेपर्यंत पोचू शकली नाही आणि एका मास्तरणीने तिला ओढून काढलं, अशी मास्तरीण खोऱ्यात असू द्या,' असं म्हटलं असतं तर कुणी सांगावं. आता ते कधीच कळणार नाही, कारण मी ते करून बघितलंच नाही.

परतीच्या रस्त्यात पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा लेनी म्हणाली, "वाचताना तू थरथरत होतीस."

"हो."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि आत जाऊन स्वतःसाठी थंड पेय घेऊन आली. माझ्यासाठी कॉफी आणली. दूध न घालता, मला लागते तशी.

आता मुख्य. पालकत्व तुझ्याकडे परत देण्याच्या अर्जावर मी सही केली आहे, न्यायाधीशांनीही केली. कागद सोबत आहे. लेनीनेच मागितलं. न्यायाधीशांनी तिला विचारलं, मावशीकडे काही त्रास होता का? ती म्हणाली, "नाही. पण आईचं काय झालं ते मला आईकडून ऐकायचंय." मी तुझ्याकडून तिला घेतलं तेव्हा तिच्या जिवासाठीच घेतलं, त्याचा पश्चात्ताप मला नाही. पण तू बरी झाल्यावरही मी तिला धरून ठेवलं. ते कशासाठी होतं, हे मी स्वतःला विचारलं नाही. घरात मूल असलेली आमदार लोकांना बरी वाटते, हे मात्र मला ठाऊक होतं.

तिचं थोडं सांगते. सकाळी तिच्याशी बोलू नकोस, आधी खाऊ दे. अंडं चालतं, पण पिवळं पातळ नको. डाव्या बाजूची दाढ दाखवायची राहिलीय. पुस्तक वाचत असली की तिला हाक ऐकू येत नाही, ते मुद्दाम नसतं. रात्री मध्ये कधीतरी उठून तुझ्या दाराशी येऊन उभी राहील. इथे माझ्या दाराशी यायची. श्वास ऐकून परत जाते. तू जागी असलीस तरी जागी आहेस असं दाखवू नकोस, ती लाजते.

गुरुवारी संध्याकाळी बस पोचेल. तू वेळेच्या आधी स्टँडवर जा. उतरल्यावर तिने तुला शोधत उभं राहिलेलं मला चालणार नाही. मला चालायचा आता प्रश्न नाही, माहीत आहे. तरी जा.

तुझी बहीण,
कोरीन